झाड फुलतं, मग फळ का धरत नाही?

परसातली पपई, कुंपणाकडेचा रातांबा (कोकम), बांधावरचा फणस. या तिन्ही झाडांबद्दल एकच तक्रार सारखी कानावर येते: फुलं एवढी येतात, मग फळ का नाही? त्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. कुणी बुंध्याशी मीठ घालायला सांगतं, कुणी खोडात खिळा ठोकायला, कुणी खताचं पोतं आणायला. खर्च होतो, झाडाला जखम होते आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. या सगळ्यात झाडाखाली पडलेलं एक फूल उचलून, पाकळ्या बाजूला सारून आत पाहायचं मात्र राहून जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की आधी फूल पाहा. कारण फळ न धरण्याची निम्मी उत्तरं तिथेच असतात, आणि ती कळली की काय करायचं नाही हेही कळतं.

शाळेत शिकलेली फुलाची आकृती थोडी आठवू या. फुलात पुंकेसर असतात, त्यांच्या टोकाशी परागकण तयार होतात. मधोमध स्त्रीकेसर असतो. त्याचं वरचं चिकट टोक म्हणजे कुक्षी, आणि तळाशी फुगीर भाग असतो तो बीजांडकोश. परागकण कुक्षीवर पडला, रुजला, खाली बीजांडापर्यंत पोचला की बी धरतं आणि बीजांडकोश वाढून फळ होतं. (काजूचं बोंड याला अपवाद. ते बीजांडकोशातून नव्हे, फुगलेल्या देठातून होतं. खरं फळ म्हणजे खाली लटकलेली बी.) तेव्हा फळ कुठून येणार, तर बीजांडकोशातून. ज्या फुलात तो नाही, किंवा नावापुरता आहे, त्या फुलाला कितीही खत घातलं तरी फळ धरणार नाही.

आकृतीतलं फूल द्विलिंगी असतं, म्हणजे त्यात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. जगातल्या बहुसंख्य सपुष्प वनस्पतींची फुलं अशीच असतात. पण झाडांमध्ये यापलीकडे बरेच प्रकार दिसतात. काहींची नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी. अशा जाती एकूण सपुष्प वनस्पतींच्या जेमतेम सहा टक्के आहेत. काहींत नर आणि मादी फुलं वेगळी, पण एकाच झाडावर. काहींत एकाच तुऱ्यावर काही फुलं नर आणि काही द्विलिंगी. आपल्या ओळखीच्या फळझाडांत हे सगळे प्रकार सापडतात, आणि प्रत्येकाची अडचण निराळी असते.

फणसापासून सुरुवात करू, कारण तिथली भीती सर्वांत लवकर दूर होते. "छोटे छोटे फणस काळे पडून गळतायत, कोणतं औषध मारू?" हा प्रश्न दर हंगामात येतो. गळणारे ते बहुतेक वेळा फणस नसतातच. ते नर फुलोरे असतात. फणसाचा नर फुलोरा बोटाएवढा लांबट आणि तुलनेनं गुळगुळीत असतो, देठ बारीक असतो, आणि तो सहसा फांद्यांच्या शेंड्याकडे येतो. पराग सुटायची वेळ आली की त्यावर पिवळसर भुकटी दिसते. काम संपलं की तो काळा पडतो, त्यावर बुरशी चढते आणि तो गळतो. हे ठरल्याप्रमाणेच होत असतं. मादी फुलोरा खोडावर किंवा जाड फांदीवर येतो. त्याचा देठ जाड असतो, देठाच्या टोकाला एक ठसठशीत कडं असतं आणि अंग खरखरीत असतं. त्याचीच पुढे कुयरी, म्हणजे कोवळा फणस, होते. मादी फुलोरेही परागीभवन न झाल्यानं किंवा कुजीनं गळू शकतात, पण औषधाची बाटली उघडण्याआधी गळालेला फुलोरा हातात घेऊन देठ तेवढा पाहावा.

रातांब्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ज्याला भिरंड म्हणतात, ज्याची साल वाळवून आमसुलं होतात, त्या झाडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. थोडी झाडं द्विलिंगी फुलांचीही सापडतात. बी पेरून रोपं केली तर त्यांतली साधारण निम्मी नर निघतात. आणि हे कळतं कधी? झाडाला पहिली फुलं आली की, म्हणजे सहा-सात वर्षांनी. तोवर पान, खोड, वाढीचा ढंग, कशावरूनही खात्रीनं सांगता येत नाही. सहा-सात वर्षं पाणी घातलेलं, गुराढोरांपासून जपलेलं झाड फुलतं आणि त्याला एकही फळ धरत नाही, तेव्हा माणूस चिडतो हे मी समजू शकतो. पण त्या झाडात काही बिघडलेलं नसतं. ते नर आहे, आणि आसपासच्या मादी झाडांना पराग त्याच्याकडूनच मिळत असतो. वाडीतलं एकुलतं नर झाड तोडलं तर शेजारच्या झाडांची फळं घटू शकतात.

ओळखायचं कसं? कोकणात रातांबा थंडीच्या दिवसांत फुलतो. नर फुलं झुपक्यानं येतात आणि फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा दाट पुंजका असतो. मादी फूल उघडलं की मध्ये हिरवा, गोल, चांगला ठळक बीजांडकोश दिसतो आणि त्याच्या डोक्यावर देठाशिवायच टेकलेली, खाचा असलेली कुक्षी असते. भिंगाची गरज नाही. एकदा दोन्ही फुलं शेजारी ठेवून पाहिली की पुन्हा चुकत नाही.

या अनिश्चिततेवर उपाय आहे तो कलमांचा. ज्या झाडाला चांगली फळं धरतात हे डोळ्यांनी दिसतंय, त्याचीच काडी रोपावर बांधली की नवं झाडही त्याच लिंगाचं होतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण अमृता' ही जात काढली आणि मृदुकाष्ठ कलमाची, म्हणजे रोपाच्या कोवळ्या खोडावर काडी बांधायची, पद्धत रुळवली, ती यासाठीच. मात्र काडी कुठली घेतली याला फार महत्त्व आहे. रातांब्याची उभी वाढणारी फांदी आणि आडवी पसरणारी फांदी यांच्या वाढीचा स्वभाव वेगळा असतो, आणि तो कलमातही उतरतो. आडव्या फांदीच्या काडीचं कलम पुढेही आडवंच पसरत राहतं. डौलदार उभं झाड हवं असेल तर सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी लागते. रोपवाटिकेतून कलम घेताना हे विचारून घ्यावं. मादी कलमांची मोठी बाग लावायची असेल तर मधूनमधून थोडी नर झाडंही ठेवावीत.

नारळी-पोफळीच्या सावलीत लावतात त्या जायफळाचंही असंच. मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरचं हे झाड. रोपापासून वाढवलं तर सहा-आठ वर्षांनी त्याचं लिंग कळतं, आणि मग जास्तीची नर झाडं तोडून साधारण दहा मादींमागे एक नर ठेवायची जुनी पद्धत आहे. इथेही उत्तर कलमच.

आता पपई. इथे निसर्गानं जो हिशेब मांडला आहे तो मला फार सुंदर वाटतो. माणसासारखंच पपईतही लिंग गुणसूत्रांवर ठरतं. मादी झाडात दोन एक्स. नर झाडात एक एक्स आणि एक वाय. आणि द्विलिंगी झाडात एक एक्स आणि एक थोडा वेगळा वाय. दोन वाय एकत्र आले तर तो गर्भ जगतच नाही. एवढ्या नियमावरून बियांत काय असेल हे आधीच सांगता येतं. मादी झाडाला नराचा पराग मिळाला तर रोपं निम्मी मादी, निम्मी नर. द्विलिंगी झाडाला स्वतःचाच पराग मिळाला तर दोन द्विलिंगींमागे एक मादी, आणि नर एकही नाही. म्हणून शेतकरी 'रेड लेडी'सारख्या द्विलिंगी वाणाचं रोप आणतात तेव्हा त्यात नर निघण्याची भीती राहत नाही. उलट कावळ्यानं टाकलेल्या बीतून परसात उगवलेलं झाड नर निघण्याची शक्यता बरीच असते.

पपईचं फूल ओळखणं सर्वांत सोपं. नर झाडावर हातभर लांब, लोंबत्या, फाटे फुटलेल्या दांड्यावर बारीक नळीसारख्या फुलांचे घोस येतात. मादी फूल खोडाला अगदी चिकटून येतं, मोठं असतं आणि पाकळ्या सोडवल्या की आत गोलसर, टपोरा बीजांडकोश दिसतो, पुंकेसर मुळीच नसतात. द्विलिंगी फूलही खोडाजवळच, पण आतला बीजांडकोश लांबट आणि त्याच्याभोवती पुंकेसर. फळांचा आकारही त्यावरून ठरतो: मादी झाडाची पपई गोल, द्विलिंगी झाडाची लांबट. बाजारात लांबट फळाला मागणी जास्त असते, कारण ते भरायला सोपं आणि आत पोकळी कमी. ज्या वाणांत नर-मादी झाडं वेगळी निघतात तिथे एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावतात आणि फुलं दिसली की जास्तीची नर काढून टाकतात. बागेत शेकडा दहा नर पुरतात.

खिळा ठोकण्याचा विषय इथेच संपवू या. नर पपईच्या लोंबत्या दांड्याच्या टोकाला क्वचित, ठरावीक हवामानात, एखादं फूल द्विलिंगी होतं आणि त्याला लहानसं फळ धरतं. हे आपोआप घडतं. त्याच्या आधी कुणी खिळा ठोकलेला असला की श्रेय खिळ्याला जातं. खिळ्यानं गुणसूत्रं बदलत नाहीत. जखमेतून कूज मात्र शिरते.

इथवर जन्मजात लिंगाची गोष्ट झाली. खरी गुंतागुंत पुढे आहे, कारण द्विलिंगी पपई हवामानाप्रमाणे स्वतःची फुलं बदलते. कडक उन्हाळ्यात, त्यातून पाण्याचा ताण पडला तर, तिच्या फुलांतला बीजांडकोश खुरटतो आणि फूल नरासारखं वागून गळून जातं. याची खूण खोडावर राहते. खाली फळं, वर फळं, आणि मध्ये वीतभर-हातभर खोड रिकामं. त्या रिकाम्या पट्ट्यावरून काही आठवड्यांपूर्वीची हवा वाचता येते. याउलट गारठ्यात पुंकेसर बीजांडकोशाला चिकटून वाढतात आणि खाचा पडलेली, वेडीवाकडी फळं येतात. ती रोगट नसतात, खायला चांगली असतात, पण भाव मिळत नाही. मादी झाडाची फुलं मात्र उन्हाळा असो की हिवाळा, मादीच राहतात. म्हणून घरच्यापुरती पपई हवी असेल तर परसात एक मादी झाड असणं मला तोट्याचं वाटत नाही. आसपास कुठेतरी परागाची सोय असली की झालं.

आंब्याकडे आता वळतो, कारण "यंदा मोहोर भरपूर, आंबा कमी" या वाक्याचा उगम बहुधा नर आणि द्विलिंगी फुलांच्या याच हिशेबात आहे.

आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यांतली बरीचशी फक्त नर असतात, बाकीची द्विलिंगी. एक फूल तळहातावर घेऊन भिंगातून पाहा. फूल जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं. पाकळ्यांवर पिवळ्या-केशरी रेघा, मध्ये मांसल चकती. बहुतेक फुलांत एकच पुंकेसर कामाचा असतो, त्याच्या टोकाची जांभळट गाठ लगेच नजरेत भरते. बाकीचे पुंकेसर खुरटलेले. आता चकतीवर पिवळसर हिरवा गोल मणी आणि त्याच्या कडेतून निघालेली बारीक दांडी दिसते का? दिसली तर फूल द्विलिंगी, आणि तो मणी म्हणजे होऊ घातलेली कैरी. तिथे काहीच नसेल तर ते नर फूल. कितीही जपलं तरी ते गळणारच.

द्विलिंगी फुलांचं प्रमाण जातीनुसार प्रचंड बदलतं. काही जातींत ते शेकडा एकाच्याही खाली, तर उत्तरेतल्या लंगड्यासारख्या जातीत जवळपास सत्तर टक्क्यांपर्यंत मोजलं गेलं आहे. आपल्या हापूसमध्ये ते कमीच असतं. आणि एकाच जातीत, एकाच झाडावरही ते स्थिर नसतं. तुरा घडत असताना थंडी कडक असेल तर नर फुलं वाढतात, हवा उबदार असेल तर द्विलिंगी. म्हणजे लवकर आलेला, कडाक्याच्या थंडीत फुललेला मोहोर डोळ्यांना कितीही भरगच्च दिसला तरी त्यात मणी असलेली फुलं थोडीच असू शकतात.

समजा, तुऱ्यावर हजार फुलं आहेत आणि शंभर द्विलिंगी. या शंभरांतल्या थोड्यांनाच पराग मिळतो. त्यांतून धरलेल्या कैऱ्यांतल्या काही मोहरीएवढ्या होऊन गळतात, काही वाटाण्याएवढ्या, काही सुपारीएवढ्या. शेवटी तुऱ्याला एखाददुसरा आंबा राहिला तरी ते चांगलं पीक म्हणायचं. कित्येक तुरे रिकामेच जातात. मग नुसतं द्विलिंगी फुलांचं प्रमाण वाढलं की आंबे वाढतील का? तसं सरळ नाही. शंभरांऐवजी सातशे द्विलिंगी फुलं असली तरी झाड सातशे कैऱ्या पोसू शकत नाही. पानांनी तयार केलेली साखर मोजकीच असते. द्विलिंगी फुलं फारच कमी झाली, की मगच त्यांची संख्या आडवी येते. एरवी अडचण परागाची, हवेची किंवा पोसण्याची असते. हा भेद मला महत्त्वाचा वाटतो, कारण टक्केवारीचा आकडा ऐकून लोक थेट संजीवकांच्या, म्हणजे झाडाची वाढ आणि फुलोरा बदलणाऱ्या रसायनांच्या, मागे लागतात.

मग झाड एवढी नर फुलं काढतंच कशाला? नर फूल स्वस्त पडतं. थोडा पराग, थोडा मध, दोन-तीन दिवसांत गळून मोकळं. फळाला मात्र महिनोन्महिने साखर, पाणी, पोटॅश पुरवावं लागतं. नर फुलांच्या गर्दीनं तुरा दुरून दिसतो, माश्या आणि कीटक येतात, पराग दूरवर जातो. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर स्वतःच्या फळांइतकंच दुसऱ्या झाडाच्या फळात आपला पराग पोचणंही वंशवाढच आहे. आपल्याला फक्त पाटीतले आंबे मोजायचे असतात, म्हणून नर फुलं वाया गेल्यासारखी वाटतात.

आंब्याचा पराग वाऱ्यानं फारसा जात नाही, तो चिकट असतो. तो नेण्याचं काम मुख्यतः माश्या करतात, शिवाय लहान मधमाश्या, मुंग्या वगैरे. यासाठीच मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक फवारू नये असा सल्ला देतात. तुडतुड्यांची फवारणी त्याआधी किंवा फळ धरल्यावर करावी. हापूसला स्वतःचा पराग फारसा मानवत नाही, त्यामुळे नुसत्या हापूसच्या बागेत इतर जातींची थोडी झाडं असणं फायद्याचं ठरतं. कोकणातल्या जुन्या आमरायांत रायवळ, म्हणजे बीपासून वाढलेली, झाडं कलमांच्या आसपास असायचीच. ती तोडून एकसारख्या हापूसच्या रांगा लावताना हा फायदा आपण हातचा घालवला, असं मला वाटतं.

पुनर्मोहोराचंही इथेच सांगतो. पहिल्या मोहोराला कणी धरलेली असताना थंडी पुन्हा पडली की हापूस त्याच काडीवर नवा मोहोर काढतो. अन्न तिकडे वळतं आणि धरलेल्या बारीक कैऱ्या गळतात. बाग दुसऱ्यांदा पांढरी झालेली पाहून आनंद होतो, पण हाताशी आलेलं पीक त्यात जात असतं. कोकणात यासाठी मोहोराच्या वेळी पन्नास पीपीएम (दहा लाख भागांत पन्नास भाग) जिबरेलिक आम्ल हे संजीवक फवारण्याची शिफारस आहे.

डाळिंबाचं थोडक्यात. तिथेही नर आणि द्विलिंगी फुलं एकाच झाडावर असतात. बागायतदार त्यांना नर कळी आणि मादी कळी म्हणतात. फूल उलटं न करता नुसतं बुडाकडे पाहिलं तरी कळतं. बूड निमुळतं आणि फूल घंटेसारखं पसरट असेल तर नर, बूड फुगीर आणि आकार सुरईसारखा असेल तर फळ धरणारं. नर कळ्या गळून बागेत लाल सडा पडतो, आणि नवखा बागायतदार त्यालाच फूलगळ समजून फवारणी वाढवतो. खाली पडलेल्या दहा-वीस कळ्या उचलून त्यांची बुडं पाहिली तर कीटकनाशकाचा आणि संजीवकाचा बराच खर्च वाचतो. सड्यात फुगीर बुडाच्या कळ्या जास्त दिसल्या, तर मात्र काळजीचं कारण आहे. तिथे पाणी, अन्नद्रव्यं आणि किडी यांच्याकडे बघायला हवं.

शेवटी सीताफळ, कारण ते वरच्या कुठल्याच प्रकारात बसत नाही. त्याचं प्रत्येक फूल द्विलिंगी असतं. नर झाड नाही, नर फूल नाही, तरी फुलांच्या मानानं फळं अगदी थोडी. अडचण वेळेची आहे. फुलातला स्त्रीभाग आधी तयार होतो. तेव्हा जाड, मांसल पाकळ्या नुसत्या किलकिल्या झालेल्या असतात आणि आतली कुक्षी ओलसर चमकते. पराग सुटतो तोवर तीच कुक्षी सुकलेली असते. म्हणजे एकाच फुलात दोन्ही असूनही त्यांची गाठ पडत नाही. एका फुलाचा पराग दुसऱ्या, नुकत्या किलकिल्या झालेल्या फुलात नेण्याचं काम बारीक भुंगेरे करतात. ते कमी असले, किंवा उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत कुक्षी वेळेआधीच वाळली, तर फूल तसंच गळतं. पावसाळी दमट हवा आली की फळधारणा सुधारते, ती यामुळे.

हे काम हातानंही करता येतं. सकाळी लवकर, पूर्ण उघडलेल्या आणि आत भुकटी सुटलेल्या फुलांतला पराग एका डबीत झटकून घ्यायचा. मग किलकिली झालेली फुलं शोधायची, पाकळी हलकेच बाजूला धरायची आणि रंगकामाच्या बारीक मऊ ब्रशानं तो पराग कुक्षीवर सगळ्या बाजूंनी लावायचा. एकाच बाजूला लागला तर फळ वेडंवाकडं भरतं, कारण सीताफळाचा प्रत्येक डोळा म्हणजे वेगळा स्त्रीकेसर, आणि ज्याला पराग मिळत नाही तो डोळा बसका राहतो. मोठ्या बागेत मजुरीचा हिशेब जमेलच असं नाही. तिथे झाडांच्या बुंध्याशी आच्छादन आणि फुलोऱ्याच्या काळात ओलावा टिकवणं जास्त परवडतं. परसातल्या एक-दोन झाडांना मात्र सकाळचा अर्धा तास पुरतो.